अकरा मेंढ्या आणि आण्णासाहेबांची हनुवटी

चौकट एक
(चित्रात मी. कानावर पेन्सिल. छाती नेहमीपेक्षा दोन बोटं पुढं.)

मी कुणाचाही चेहरा चाळीस सेकंदांत धरतो. हे घड्याळ लावून सांगतोय. नाव बसवेश, मुक्काम उमरगा, जिल्ह्याच्या एका दैनिकात बारा वर्षं रोज एक व्यंगचित्र. मोठी माणसं म्हणाल, तर ती माझ्याकडं चालत येतात. म्हणजे त्यांचे टायर येतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आमच्या पट्ट्यात टायर फुटला, की एखादा नट, एखादी गायिका, एखादा फलंदाज तासभर धाब्याच्या खाटेवर अडकतो. पंक्चरवाला मला फोन करतो. मी जातो, काढतो, चित्राखाली सही घेतो. सह्यांची वही जाड झाली आहे.

गोष्ट चौकटींत सांगतोय, कारण सलग सांगितली तर माझी चूक दोन वाक्यांच्या मध्ये कुठंतरी लपून बसेल. माझा मला भरवसा नाही.

चौकट दोन
(पोलीस ठाणं. कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला दोनदा चहा पाजला.)

मंगळवारी सकाळी बलभीम जमादारांचा फोन आला.

"आर्टिस्ट, पेन्सिल घेऊन या."

"कोण आलंय?" मी बूट शोधत विचारलं.

"मेंढ्या गेल्यात."

"मेंढ्या घेऊन कोण गेलं?"

"तेच तुम्ही काढायचंय. जिल्ह्याहून चित्रवाला यायला दोन दिवस लागतील."

ठाण्यात बाकाच्या टोकाला एक मेंढपाळ बसला होता. बिरू. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि डोळे दाराकडं. त्याच्या बायकोनं, अयोध्याबाईनं, मात्र जमादारांच्या टेबलासमोर ठाण मांडलं होतं. पन्नास-साठ मेंढ्यांचा त्यांचा कळप गावाबाहेरच्या पडीक रानात बसला होता. पहाटे एक पिकअप आली आणि अकरा मेंढ्या उचलून गेली. अकराच्या अकरा ताज्या व्यालेल्या. कोकरं मागं जाळीत राहिली.

"परवा गुरवारी बाजार हाय," अयोध्याबाई म्हणाल्या. "बाजारात गेल्या, की त्याच दिशी सुरीखाली. मग हिकडं कोकरं बी गेली. हिशोब लई सोपा हाय, सायेब. तुमी चहा घ्या निवांत."

जमादारांनी कप खाली ठेवला.

बिरूनं गाडीतल्या दिव्याच्या उजेडात चोराचं तोंड पाहिलं होतं. ओझरतं.

"कसं होतं तोंड?" मी विचारलं.

बिरूनं विचार केला. "मानसासारखं."

"नाक बसकं?"

"व्हय."

"भुवया जाड? अशा?"

"व्हय."

"हनुवटी पुढं आलेली? फावड्यासारखी?"

"व्हय जी."

अडतीस सेकंद. जमादारांनी कागद उचलला, मोबाइलवर फोटो काढला, ठाण्याच्या ग्रुपवर टाकला आणि त्यानंतर चित्र बघितलं. हा क्रम महत्त्वाचा आहे.

ते उठले आणि दार लावून आले.

"आर्टिस्ट. हे आण्णासाहेब आहेत."

चौकट तीन
(कोरी. यात फक्त फोन वाजत आहेत.)

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आण्णासाहेब आमचे माजी मंत्री. त्यांची हनुवटी मी बारा वर्षं काढतोय. दुष्काळ असो, रस्ता असो, निवडणूक असो, चित्रात हनुवटी येतेच. गाडीवाटेला चाकोरी पडते तशी हाताला पडते. बैल झोपला तरी गाडी त्याच वाटेनं जाते. माझा बैल त्या सकाळी झोपला होता.

तासाभरात ते चित्र लोहाऱ्याच्या जीपमध्ये होतं, नळदुर्गच्या धाब्यांवर होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं: 'सावध राहा. मेंढीचोर.' त्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं: 'आण्णासाहेबांनी आता मेंढ्याही सुरू केल्या का.'

संपादकांचा फोन आला. "चित्र आपल्या माणसाचं आहे का?"

"हो साहेब. मीच काढलंय."

"मग आपल्या माणसाचं नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ही चौकट इथंच सोडतो. बिरू अजून बाकावर बसलेला होता, हे मात्र तीत कुठंतरी काढायला हवं. त्या गडबडीत ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

चौकट चार
(ठाण्याचं आवार. चार गाड्या. पांढरे शर्ट इतके, की काढायला शाई लागत नाही.)

आण्णासाहेब हैदराबादला निघाले होते. वाटेतच होते. थांबले.

कार्यकर्ते माझ्यावर गुन्हा नोंदवा म्हणत होते. आण्णासाहेबांनी हात वर केला, खुर्ची ओढून घेतली आणि कागद मागितला. मी त्यांना इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचा टायर कधी फुटलाच नाही.

"कोण काढलं?"

"मी, साहेब. बसवेश. बारा वर्षं तुमची चित्रं मीच काढतोय."

"असं? कुठं?"

मी दैनिकाचं नाव सांगितलं.

"ते येतं आमच्याकडं," ते म्हणाले. "गाडीच्या काचा पुसायला चांगलं आहे."

मग ते बिरूकडं वळले. "काय रं, मी होतो का?"

बिरू उठून उभा राहिला. आण्णासाहेब कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. कळपामागं सहा महिने एका तालुक्यात, सहा महिने दुसऱ्यात. त्यानं त्यांचं तोंड नीट निरखलं. जनावर विकत घेताना बघतात तसं, दोन्ही बाजूंनी.

"न्हाय. तुमी नव्हं."

"मग चित्राला व्हय कसं म्हणालास?"

"हे येवढं झटून काढत हुते," बिरू माझ्याकडं बोट करून म्हणाला. "न्हाय म्हनायला बरं वाटंना. आन् म्या व्हय म्हणलो की सोडतील, मग मेंढ्या हुडकायला जाता येईल, असं वाटलं. तवापास्नं हितंच हाय."

साडेअकरा वाजले होते. पिकअपला पहाटेपासून सहा तास मिळाले होते, आणि त्यातले तीन मी दिले होते.

"चोर राहू द्या," बिरू मला म्हणाला. "त्येचं तोंड म्या एकदाच बघितलंय. माझ्या मेंढ्यांची तोंडं काढा. ती मला रोजची म्हायती हायत."

"मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात की," एक कार्यकर्ता म्हणाला.

अयोध्याबाईंनी त्या सगळ्या पांढऱ्या शर्टांवरून एकदा नजर फिरवली. "व्हय," त्या म्हणाल्या, "सवय न्हाय त्येला तसंच वाटतं."

चौकट पाच
(पहिली मेंढी.)

बिरू सांगत गेला, मी काढत गेलो. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, नाक लांबट. पूर्ण झाली. मागं आण्णासाहेब उभे होते.

"हा पण मीच आहे," ते म्हणाले.

खरं होतं. मेंढीला हनुवटी आली होती.

चौकट सहा
(पडीक रान. इथून पुढं रेषा हळू काढा.)

बिरूनं कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी केली. "सांगून जमणार न्हाय तुमाला. चला. गेलेल्यांच्या बहिणी, लेकी कळपात हायत. त्यांच्याकडं बघून काढा."

म्हणून आम्ही रानात गेलो. आण्णासाहेबही आले, का ते ठाऊक नाही. हैदराबादचं काम फारसं चांगलं नसावं. जाळीत कोकरं ओरडत होती. अकरांचा आवाज एवढा असतो, हे मला माहीत नव्हतं.

बिरू एकेका मेंढीचं तोंड हातात धरून दाखवायचा. "हिची बहीण. पर तिचा डावा कान फाटलेला, हितनं. आन् ती जरा रागीट." मी बघायचो. चाळीस सेकंद झाले की हात सुटू बघायचा. बिरू म्हणायचा, "थांबा की. अजून बघितलंच न्हाय तुमी." मी परत बघायचो. एकेका मेंढीला पंधरा मिनिटं लागली. बारा वर्षांत कुणाला पंधरा मिनिटं दिली नव्हती. चौथी काढून झाली तेव्हा अयोध्याबाई कागदाजवळ आल्या, बोट लावलं आणि मागं गेल्या. ती त्यांची होती. माहेराहून आणलेली.

नऊ झाल्या.

चौकट सात
(ही फाडायची होती.)

आण्णासाहेबांच्या गाडीचा दरवाजा वाजला. मी वळून पाहिलं. ते निघाले होते. वहीत त्यांची सही नव्हती.

"आलोच, दोन मिनिटांत," मी बिरूला म्हणालो आणि पळालो.

दोन मिनिटं नव्हती. आण्णासाहेब फोनवर होते. मी काच धरून उभा राहिलो. मग सही झाली, फोटो झाला, कार्यकर्त्याला तो अंधुक वाटला म्हणून पुन्हा झाला. परत आलो तेव्हा कळप पाण्यावर गेला होता. जमादार गाडी चालू करून उभे. "आर्टिस्ट, द्या लवकर, बाजारांच्या दलालांना पाठवायचंय."

शेवटच्या दोन मी बोनेटवर कागद ठेवून काढल्या. मनानं. ऐंशी सेकंदांत दोन.

चौकट आठ
(बाजार. मी नव्हतो. जमादारांनी सांगितलं तसं.)

गुरुवारी सकाळी सिद्रामप्पा नावाच्या एका कानडी दलालाचा सीमेजवळच्या बाजारातून फोन आला. "जमादार री, तुमची फाटक्या कानाची बाई माझ्यासमोर उभी आहे. रागानं बघतेय." त्यानं एका हातात मोबाइल धरून दोन तास बाजार चाळला. नऊ मेंढ्या मिळाल्या. नऊच्या नऊ चित्रांवरून.

उरलेल्या दोघींबद्दल जमादारांनी त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, "त्या दोन चित्रांत मेंढी आहे एवढं कळतं. पण इथं तर सगळ्या मेंढ्याच आहेत."

नवव्या चौकटीची जागा उरली नाही, बाहेर लिहितो.

त्या संध्याकाळी मी रानात गेलो. अयोध्याबाईंनी न मिळालेल्या दोघींची दोन कोकरं माझ्यासमोर आणून ठेवली आणि हातात दुधाची बाटली दिली.

"तिरकी धरा. हवा पितंय ते."

मी तिरकी धरली.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा जातो. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत. कळप लोहाऱ्याच्या बाजूला सरकलाय, म्हणून आता जीपनं जावं लागतं. कोकरं जगली आहेत. काल मी बांध ओलांडला आणि त्यातलं एक साठ मेंढ्यांतून वाट काढत थेट माझ्याकडं धावत आलं. माझा ऊर भरून आला. अयोध्याबाईंना म्हणालो, "बघा, मला ओळखतंय."

त्यांनी मान वर केली नाही.

"बाटलीला वळखतंय," त्या म्हणाल्या.