काकाजींच्या अंगणातली दुसरी खुर्ची

आमच्या शेजारच्या काकाजींच्या घरात मांजरीनं दूध सांडलं, तर हाकलण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. काकाजी खुर्ची ओढून बसतात आणि पायरीवरच्या मांजरीला विचारतात, "बोल बाई, तुयं काय म्हननं हाये?" मांजर पंजा चाटत राहते. मग आदेश होतो, "भांडं उघडं ठेवनारा मीच. प्रकरन निकाली."

काकाजी म्हणजे आमच्या पवनीतले निवृत्त तहसीलदार. कुणी शेतात जायची पांदण अडवली, कुणी शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, असले तंटे त्यांनी जन्मभर ऐकले. "मी काई न्यायाधीश नोहोतो, मास्तर," ते मला समजावतात. "कोर्ट नाई, पन कोर्टासारखं. अर्धन्यायिक! नोटीस द्याची, दोघायचं आयकाचं, मंग कारन सांगून आदेश कराचा. कारन नाई सांगितलं तं तो आदेश नाई, दादागिरी हाये."

अंगणात त्यांच्यासमोर अजूनही दोन खुर्च्या असतात, एक अर्जदाराची, एक गैरअर्जदाराची. मी गप्पांना गेलो की अर्जदार होतो. दुसरीवर ते कुणालाच टेकू देत नाहीत. थंडीत संध्याकाळी वैनगंगेवरून धुकं गल्लीत शिरतं, तुळस दिसेनाशी होते, अंगण हळूहळू तरंगायला लागतं. अशा वेळी त्या रिकाम्या खुर्चीत कुणी येऊन बसलंय असं मलाही वाटायला लागतं.

परवा अशाच धुक्यात ते आपणहून बोलले. त्यांच्या मुलीनं, सुमीनं, साकोलीच्या मुलाशी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. ती सांगायला आली, तेव्हा काकाजींनी दार लावून घेतलं.

"गावाचं आयकलं, मास्तर. पोरीचं नाई आयकलं. एकतर्फी आदेश केला, तोही बिनकारनाचा."

"मग फिरवा की तो!"

"त्याले दुसऱ्या बाजूचा अर्ज लागते. तिचा अर्जच येऊन नाई राहिला."

मला हसू येईना आणि राग आवरेना. म्हटलं, "काकाजी, या प्रकरणात तुम्ही पक्षकार. स्वतःच्याच भांडणात कुणी स्वतः आदेश करतो का? तुम्हाला अधिकारच नव्हता."

त्यांनी नदीच्या दिशेनं पाहिलं. तिकडे पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. "मुद्दा बरोबर हाये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ते बसस्टँडवर दिसले. इस्त्रीचा सदरा, मांडीवर चिन्नोर तांदळाची पिशवी. सुमीला चिन्नोरचा भात फार आवडायचा.

"कुठे, काकाजी?"

"साकोलीले. सुनावनी हाये."

"नोटीस आली?"

"नाई. बिननोटिशीचा चाललो."

साकोलीची गाडी धुक्यातून दिवे लावून आली. त्यांना हात धरून चढवताना विचारलं, "आणि बाजू काय मांडणार?"

"माह्यापाशी बाजू नाई, मास्तर. आता तिनं बोलाचं, मी आयकाचं. दार उघडलं तं."