नेड्राचे गुडघे

वर्लने बायकोचा बूट दारातच उलटा करून झटकला आणि पायरीवर पडलेली माती बघून त्याचा चेहरा पडला. माती विटकरी लाल होती. तशी आमच्या युटाच्या या टोकाला लाल माती कुणाच्या बुटात नसते? न्हाऊन आलेल्या माणसाच्या कानातही सापडते. पण वर्लने नॅशनल पार्कात जन्मभर बस चालवलेली, प्रवाशांना एकेक दगड समजावून सांगत. चर्चच्या आवारातली माती गुलाबीसर, नदीकाठची पिवळट आणि ही असली विटकरी फक्त दरीतल्या वरच्या वाटेची, हे तो झोपेतही सांगेल.

"नेड्रा, आज कुठे होतीस गं?"

"आज गुरुवार ना! चर्चमध्ये, गोधड्या शिवायला."

"चर्चमध्येच?"

"नाहीतर काय गोधड्या शिवायला डोंगरावर जाऊ?"

लग्नानंतर पहिली काही वर्षं ती त्याच्या बसमधून हिंडली; पुढे दर वसंतात वर्ल बिचारा विचारायचा, 'चल ना माझ्याबरोबर दरीत,' आणि दर वसंतात ती गुडघे धरून बसायची. मग आता गुडघे कुणासाठी बरे झाले? नाव शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. थेन लीविट! उंच, देखणा, डोक्यावरचे केस अजून शाबूत, आणि दोन वर्षांपूर्वी बायको वारलेली. मागच्याच आठवड्यात नेड्राने त्याच्याकडे कॉर्नफ्लेक्स पेरलेल्या चीज-बटाट्यांचं अख्खं भांडं पोचवलं होतं. हे बटाटे आमच्याकडे मयताच्या जेवणाला करतात. वर्लच्या वाट्याला ते कुणी गेल्याशिवाय येत नसत, आणि या थेनला मात्र घरपोच!

पुढच्या गुरुवारी वर्ल नातवाची मोठ्या काठाची टोपी आणि काळा चष्मा घालून पार्कच्या फाटकाशी उभा राहिला. मोसमात दरीत स्वतःची गाडी नेता येत नाही, सगळ्यांनी पार्कचीच बस धरायची. म्हणजे ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांच्याच बसमध्ये चढायचं! पुढच्या बाकावर नेड्रा आणि थेन शेजारी शेजारी. थेनच्या हातात नव्या कोऱ्या चालायच्या काठ्या. 'मेल्याला काठ्याही नव्या हव्यात,' असं पुटपुटत वर्ल मागच्या बाकावर अंग चोरून बसला.

सगळं नीट पार पडलं असतं. पण शेजारच्या ओहायोच्या बाईने खिडकीबाहेरच्या कड्याकडे बोट दाखवून नवऱ्याला विचारलं, "तो पांढरा पट्टा कसला हो?"

"रंग लावला असेल पार्कवाल्यांनी," नवरा म्हणाला.

रंग! वर्लचा जीव वरखाली झाला. त्याने ओठ घट्ट मिटले, खिडकीकडे पाठ केली, पण नाहीच राहवलं. "क्षार आहेत ते," तो कुजबुजला. "पाणी दगडातून झिरपतं ना, त्याचे." मग पुढच्या बाकावरचा माणूस वळला, त्याच्या पुढचा वळला, आणि बस शेवटच्या थांब्याला येईपर्यंत मागची सगळी मंडळी वर्लच्या तोंडाकडे बघत होती.

नेड्रा आणि थेन उतरून वरच्या वाटेला लागले. त्यांच्या मागे वर्ल, आणि वर्लच्या मागे ही वरात.

"तुम्ही माझ्या मागे का येताय?" वर्लने दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्ही गाईड ना?"

"नाही हो! मी खासगी कामाने आलोय."

"काय छान विनोदी माणूस आहे," ओहायोची बाई म्हणाली.

वळणावर नेड्रा डबा उघडून बसली. वर्ल झटकन ज्युनिपरच्या झुडपाआड दबला. त्याबरोबर मागची सगळी माणसंही दबली. कुणी कॅमेरे काढले.

"काय आहे? रानमेंढा?"

"शू!"

"जोडी आहे का?"

हा प्रश्न वर्लच्या वर्मी लागला. तिकडे थेनने सँडविच मोडलं आणि अर्धं नेड्राला दिलं. नेड्रा हसली. कशी हसली म्हणता! असं हसताना वर्लने तिला गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणखी नीट दिसावं म्हणून तो एक पाऊल मागे सरला आणि मटकन खाली बसला. तिथे निवडुंग होता.

त्याची किंकाळी समोरच्या कड्यावर आपटून परत आली, तेव्हा नेड्रा ताडकन उठली होती.

"वर्ल! तू?"

"हो, मीच! गोधडी झाली का शिवून?"

"अरे देवा. आधी पालथा हो."

थेनने मुकाट्याने पिशवीतून चिमटा काढून दिला. झुडपाआडची मंडळी गोल करून उभी राहिली. नेड्रा काटे उपटू लागली आणि वर्ल दगडावर पालथा पडून कण्हत म्हणाला, "एवढंच सांग, त्याच्यात असं काय आहे गं जे माझ्यात नाही?"

"तो बोलत नाही," नेड्रा म्हणाली.

"म्हणजे?"

"कानातलं यंत्र घरी ठेवून येतो. वर चढतो, सँडविच खातो, खाली उतरतो. अरे, मलाही ही दरी आवडते. पण तुझ्याबरोबर आलं की प्रत्येक दगडाचं बारसं! एकदा तरी नुसतं बघू दिलंस मला?"

परपुरुषाचा मत्सर करायला वर्ल तयार होऊन आला होता. शांततेचा कसा करायचा?

एवढ्यात ओहायोच्या बाईने समोरच्या कड्याकडे बोट केलं. "गाईडसाहेब, त्याबद्दल सांगा ना."

वर्लने नेड्राकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मी नाही बोलत आता."

नेड्राला त्याची दया आली असावी. तिने चिमटा पुसला आणि सुरू केलं. कडा कशाचा, वाळू कुठून आली, लोखंडाने ती लाल कशी झाली, सगळं. वर्लच्याच शब्दांत, वर्ल जिथे खाकरायचा तिथे खाकरून. "आणि मंडळी, हा कडा म्हणजे अगदी माझ्या नवऱ्यासारखा. ऊन चढलं की लाल होतो आणि कुणाचं ऐकत नाही." वर्ल तिथे नेहमी सासूचं नाव घ्यायचा. त्याच्या वेळी एखादा हसायचा. इथे लोक पोट धरून हसले. टाळ्या वाजल्या. थेनला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी त्यानेही वाजवल्या.

परतीच्या बसमध्ये सगळी मंडळी नेड्राभोवती जमली. "बाई, काय सांगता हो तुम्ही! रोज येता का?" वर्लला बसता येत नव्हतं, म्हणून तो मागे दांडा धरून उभा होता. ती प्रत्येक वळणावर त्याचीच वाक्यं वापरत होती आणि प्रत्येक वळणावर त्याच्यापेक्षा जास्त हशा मिळवत होती. एकदा तर चालकानेही मागे वळून दाद दिली. वर्लला त्याच्या बरोबरीच्या एकाही चालकाने आजवर दाद दिली नव्हती.

गावात उतरल्यावर नेड्राने त्याचा हात धरला. ती अगदी खुशीत होती.

"काय रे, पुढच्या गुरुवारी येतोस का माझ्याबरोबर? ती ओहायोची मंडळी पण थांबणार आहेत."

वर्लने तिच्याकडे पाहिलं, मग दरीकडे पाहिलं, आणि हळूच खाली वाकला.

"नको गं," तो म्हणाला. "गुडघे दुखतात माझे."