सोहोनींचा न चालणारा कारखाना

शनिवारी सकाळी सोहोनी स्वतःच्याच घराची बेल वाजवून आत यायचे. गॅरेजमधून गुपचूप बाहेर पडायचं, कुंपणाला वळसा घालायचा आणि पुढच्या दारी येऊन उभं राहायचं. वर कोट-टाय, खाली शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला. दार उघडलं की इथला माओरी नमस्कार ठोकून म्हणायचे, "किया ओरा. मी कारखान्याचा मालक. नफा घसरलाय. बोला!"

सोहोनी आमचे न्यूझीलंडमधले, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातले शेजारी. माणूस पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअर. दुधाची पावडर करणाऱ्या कारखान्यात मशिनं सांभाळतात. त्यांची मुलगी इरा केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ले द्यायच्या नोकरीत जायचं ठरवलं, तेव्हा सोहोनी आमच्या डेकवर येऊन धुमसत बसले होते. "वहिनी, स्वतः एक बोल्ट आवळायचा नाही, आणि जन्मभर बोल्ट आवळणाऱ्याला पान्याचं महत्त्व सांगायचं! हा काय धंदा झाला?"

पण पोरीने मनावर घेतलंय म्हटल्यावर त्यांनीही घेतलं. या नोकरीच्या मुलाखतीत म्हणे एखादा अडचणीतला धंदा समोर ठेवतात आणि कसा सावराल ते विचारतात. त्याला 'केस' म्हणतात. हे वाचून पाठ होत नाही, समोर क्लायंट लागतो. सोहोनींची बायको नर्स, शनिवारी हमखास ड्यूटीवर. म्हणून संचालक मंडळ म्हणून मला बसवलं. मी पडले फार्मसिस्ट, मला नफ्यातलं काय कळतंय? "तुम्ही फक्त कपाळाला आठ्या घाला," सोहोनी म्हणाले.

इराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "बाबा, देअर आर थ्री इश्यूज—"

"बाबा कोण? मी मालक!"

एकदा तिने आकडेमोड करून सुचवलं, जुना प्लांट बंद करा. सोहोनी ताडकन उठले. "बंद? दूध वाळवणाऱ्या ड्रायरची तब्येत ठणठणीत आहे! रात्रपाळीची माणसं कुठे जातील?" कारखाना काल्पनिक, ड्रायर काल्पनिक, पण हा गृहस्थ खरोखरच तरातरा घराबाहेर निघून गेला.

"मावशी, ही जस्ट वॉक्ड आउट!" इरा माझ्याकडे बघतच राहिली.

थोड्या वेळाने बेल वाजली. "मालकांचा राग गेलाय. पण त्या माणसांचं काय, ते आधी सांग." बिचारी पुन्हा मांडायला बसली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक उत्तरात माणसं आधी आणि आकडे नंतर यायला लागले.

शेवटची मुलाखत वेलिंग्टनला होती, आणि नोकरीही तिकडचीच. त्याआधीच्या शनिवारी इराने केस अशा सफाईने सोडवली की मी आठ्या घालायलाच विसरले. "स्वीट अ‍ॅझ!" मी इकडच्या पोरांसारखी शाबासकी दिली. "झालं की!"

"नाही झालं. मालकांना अजून एक शंका आहे."

मग आणखी एक. मग आणखी. दुधाचा भाव, ट्रकचं डिझेल, शेवटी पावडरच्या पिशवीचा रंग. इरा सगळ्यांना पुरून उरली, तरी सोहोनी हटेनात. तयारी संपली की मुलगी जाणार, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. इतके शनिवार कंबर कसून ते तिला स्वतःपासून लांब धाडायलाच झटत होते. मला ते तेव्हा कुठे उमगलं.

इराने लॅपटॉप मिटला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, मालक जाऊ दे. तू विचार."

सोहोनींनी कोट काढून खुर्चीवर टाकला. टायची गाठ सोडवली.

"तिकडे वारा फार असतो म्हणतात," ते म्हणाले. "वेळेवर जेवशील ना?"

"मी जेवते का नाही, ते तू येऊन चेक कर."

"येईन की," सोहोनी म्हणाले. "येईनच."