खिशातलं कारलं

लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली, की आमचे दामूदादा शर्टाच्या खिशातून कच्चं कारलं काढतात. एक घास जिलेबीचा, एक चावा कारल्याचा. शेजारी बसलेला पाहुणा नवखा असला तर त्याचा घास हातातच राहतो. "गोडाला कडू मारतो रं," दादा त्याला समजावतात. "पोटात दोघं भांडत बसतात, आपल्याला कायपन होत नाय."

खालापूरजवळ आमचं घर, त्याला लागून दादांचं. आयुष्य मोहोपाड्याच्या कंपनीत गेलं. मूलबाळ नाही, बायको दोन वर्षांपूर्वी वारली. आता भाताची खाचरं आणि परसातला कारल्याचा वेल, एवढाच संसार. मधुमेहाला ते 'पावनी' म्हणतात. "आलीय तशी जाईल तिच्या घरी." गोळीचंही तंत्र ठरलेलं. गोड खाल्लं तर गोळी, नाही खाल्लं तर सुट्टी. "गुन्हा नाय तर दंड कशाला?" डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, तर बाहेर येऊन मला म्हणतात, "ह्यो डाक्टर घाटावरचा दिसतो." आता अशा माणसापुढं हसण्याशिवाय काय करणार?

मग खाचरात अनवाणी फिरताना पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. दुखलंच नाही, म्हणून दादांनी बघितलंच नाही. जखम काळी पडली तेव्हा मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांनी भागायचं नाही, रोज इन्सुलिनची सुई घ्या, नाहीतर अंगठा जाईल. दादांनी मान डोलावली, औषध घेतलं आणि आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं. त्यांचा स्वतःचा फ्रिज चांगला चालतो.

आठवडा झाला तरी खोकं उघडलं नाही. मी भडकलो. "कारलं कचाकचा चावता आणि एवढ्याशा सुईला भिता?"

दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी उजवा हात पुढं धरून बघितला. मग म्हणाले, "तुझ्या वहिनीला सुई मीच द्यायचो रं. रोज सकाळी, ह्याच हातानं. महिन्यात गेली."

पार्वतीवहिनींच्या किडन्या आधीच गेल्या होत्या, सुई फार उशिरा सुरू झाली होती. मी तसं म्हणालो.

"डाक्टरपन तेच बोलला. पन तिची बहीण तेराव्याला सगळ्यांदेखत बोलली, सुया टोचून मारली माझ्या बहिणीला. तवापासून सुई म्हटली की ह्यो हात बघत बसतो."

कारल्याचा वेलही वहिनींनीच लावलेला. कधीतरी एका लग्नात दादा जिलेबीवर तुटून पडायला निघाले, तेव्हा त्यांनीच चिडून पहिलं कारलं त्यांच्या खिशात कोंबलं होतं. "खायची तर हे चावून खावा." हे दादांनी मला त्या दिवशी सांगितलं. पंगतीत आम्ही ज्याला हसत होतो, तो माणूस बायकोचा शब्द पाळत होता. मला फार वाईट वाटलं.

"सुई मी देतो," मी म्हणालो.

"नको. मला काय झालं तर लोक तुला बोलतील. मग तू पन असाच हात बघत बसशील."

मी विनवलं, भांडलो, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. शेवटी अंगठा काढावा लागला. त्यानंतर मात्र कबूल झाले, पण एका अटीवर.

आता रोज सकाळी दादा काठी टेकत आमच्याकडं येतात. मी औषध भरतो. दादा सदरा वर करतात आणि आधी स्वयंपाकघराकडं तोंड करून माझ्या बायकोला मोठ्यानं हाक मारतात.

"सुमन, ऐकतेस ना गं? मी सांगितलं म्हून देतोय ह्यो. उद्या कुनी इचारलं तर सांग, ह्याचा काय दोष नाय."

"हो दादा, सांगेन," ती आतून म्हणते.

ते ऐकल्यावरच दादा डोळे मिटतात. मग मी सुई देतो.