बिबट्या आणि अकरावी माळ

"बिबट्या मिळणार म्हणजे मिळणारच!" ज्ञानेश्वररावांनी क्रॉयडनच्या कॅमेरा क्लबात जाहीर करून टाकलं. नुसतं जाहीर नाही, सप्टेंबरात लायब्ररीत भरणाऱ्या प्रदर्शनातली मधली भिंत राखून ठेवायला लावली, खालची पाटीसुद्धा छापून घेतली: 'बिबट्या. छायाचित्र: ज्ञानेश्वर बर्वे.' केनियाची तिकिटं त्यानंतर काढली!

लेन्स तर अशी, की पहिल्या नातवाला घ्यावं तसे ते हीथ्रोपासून नैरोबीपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसले. तिला भूक लागली का, एवढं तेवढं विचारायचं राहिलं!

अनुराधाबाईंचं खास सामान एकच, गोमुखी आणि तिच्यातली जपमाळ. गेल्या वर्षी ज्ञानेश्वररावांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा बाईंनी नेम धरला होता. रोज सकाळी अकरा माळा रामनाम, आणि ते पुरं होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द नाही. घरी हे कुणाला जाणवतही नसे. नवरा आणि मुलगी उठायच्या आत जप आटोपलेला असायचा. पण मसाई मारात जीप सहाला निघायची, आणि त्यात चातुर्मास!

"अगं, जीपमध्ये कर जप," ज्ञानेश्वरराव आदल्या दिवशी म्हणाले, "तिथे तसंही गप्पच बसायचं असतं."

गप्प बसल्या त्या एकट्याच. ज्ञानेश्वरराव ॲपर्चर, शटर, उजेड, सगळं पुढे बसलेल्या लेमायानला समजावून सांगत होते. लेमायान त्यांचा गाइड, तिथलाच, वीस वर्षं जीप चालवणारा. त्याची नजर म्हणजे देवानं सवडीनं घडवलेली! चार पाती हलली की तो हळूच म्हणायचा, "सिंहीण." आणि खरोखर, गवतातून दोन कान वर यायचे! मग हत्ती आले. पिल्लाला मधोमध घेऊन, एकमेकांना अंग घासत, आवाज न करता गेले. एवढाले देह, आणि पावलं कशी, तर गाभाऱ्यात टाकावीत तशी! अनुराधाबाईंचे डोळे भरून आले. राम म्हणायला निराळा प्रयत्न करावा लागला नाही.

"स्टॉप! बिबट्या!" ज्ञानेश्वरराव किंचाळले.

लेमायाननं एका मोठ्या झाडाजवळ जीप थांबवली, दूरवर पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, "सर, ते वारूळ आहे."

"कान हलला त्याचा! मी पाहिला!"

आता वारुळाला कान कुठला? पण पाहुण्याचा मान ठेवून लेमायान बिचारा दुर्बिणीतून तो शोधायला लागला. इकडे खटाखट खटाखट! वारुळाचं असं फोटोसेशन जगात कधी झालं नसेल.

अनुराधाबाईंची अकरावी माळ चालू होती. सहज मान वर केली, आणि मणी बोटातच थांबला. ज्ञानेश्वररावांच्या टोपीमागे, झाडाच्या आडव्या फांदीवर बिबट्या पहुडलेला! शेपटी देवळातल्या घंटेच्या दोरीसारखी खाली सोडलेली. सोन्यावर काजळाची बोटं उठवावीत तसे ठिपके. इतकं देखणं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

उजवा हात गोमुखीत. त्यांनी डाव्यानं नवऱ्याची बाही ओढली.

"हलवू नकोस गं!"

त्यांनी दंडावर बोटानं ठिपके ठिपके काढून दाखवले.

"डास चावले? स्प्रे बॅगेत आहे."

त्यांनी ओढणीचं टोक शेपटीसारखं हलवलं.

"उकडतंय? मग स्वेटर काढ ना!"

त्यांनी पंजा उगारला, दात दाखवले.

"बाबा, आई वेगळाच करतोय," क्रॉयडनमध्येच जन्मलेली ईशिता म्हणाली. "आईला पोट दुखतो का?" आणि आईचे हे हावभाव मावशीला पाठवायलाच हवेत म्हणून तिनं फोन काढला.

"टॉयलेटला जायचं असेल," ज्ञानेश्वररावांनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता निकाल दिला. "सांग तिला, बिबट्या झाल्यावर!"

एक शब्द! एकच शब्द बोलायचा होता! पण ज्यांच्या हृदयासाठी नेम धरला, त्यांच्याच बिबट्यासाठी तो मोडायचा? चाळीस मणी उरले होते. ते असे पळायला लागले, की ऐकता ऐकता रामालाही धाप लागली असेल.

लेमायाननं आरशात पाहिलं. बाईंचं वर रोखलेलं बोट, मग फांदी. तो कुजबुजला, "सर. मागे."

ज्ञानेश्वरराव गर्रकन वळले. लेन्स जीपच्या दांडीवर आपटली, ठण्ण! डोळा लावला तर पिवळं धुकं. दूरचं टिपणाऱ्या त्या लेन्सला इतक्या जवळचं दिसेचना! बिबट्यानं सावकाश जांभई दिली, सगळ्यांवरून शांत नजर फिरवली, उतरला आणि गवतात मिसळून गेला. अनुराधाबाईंनी डावा हात कपाळाला लावला. मेरुमणी हाताशी आला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बिबट्या होता."

"आत्ता सांगतेस?"

"सर," लेमायान म्हणाला, "मॅडम ओरडल्या असत्या तर तो तेव्हाच गेला असता. माझ्या जीपमध्ये बसलेल्या सगळ्यात चांगल्या पाहुण्या आहेत या."

ज्ञानेश्वरराव कॅम्पपर्यंत लेन्सच पुसत राहिले. तिथे चहा पिताना ईशितानं फोन उघडला आणि ओरडली, "बाबा, हा बघा!"

सप्टेंबरात मधल्या भिंतीवर तोच फोटो लागला. डावीकडे दात दाखवत पंजा उगारलेल्या अनुराधाबाई. मध्ये तोफ रोखावी तशी लेन्स रोखलेले ज्ञानेश्वरराव. आणि त्यांच्या टोपीवर तुरा खोवावा तसा, स्पष्ट, झळझळीत बिबट्या! पाटी मात्र नवी छापावी लागली: 'बिबट्या. छायाचित्र: ईशिता बर्वे.'

उद्घाटनाला झुंबड उडाली. सगळ्यांचा प्रश्न एकच. "सुंदर! पण हे गृहस्थ इतकं मन लावून कशाचा फोटो काढतायत?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा ज्ञानेश्वरराव खोकले. दुसऱ्यांदा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी बायकोच्या पर्समधून गोमुखी काढून घेतली, हात आत घातला आणि डोळे मिटले.

"माफ करा हं," अनुराधाबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "त्यांचं मौन आहे."