देवरे सरांची संमती

देवरे सरांना माझ्याशी बोलायचं असलं की ते आधी माझा मोबाईल मागायचे, आपल्या पोळीच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे, झाकण दाबून लावायचे आणि मगच म्हणायचे, "हां, बोला मॅडम. पण जपून. सगळं वरपर्यंत जातं!"

झालं होतं असं, की पीएचडीसाठी मी आमच्याच कॉलेजची स्टाफरूम निवडली. प्राध्यापक मंडळी आपसात कशी बोलतात, भांडतात, जेवतात, हा विषय. गाईड म्हणाले, "घरचंच मैदान, सोपं जाईल." डोंबलाचं सोपं! ज्या टेबलावर इतकी वर्षं माझी वांग्याची भाजी सगळ्यात आधी संपायची, तिथं मी आले की डबे बंद व्हायला लागले.

सर भूगोलाचे, नामपूरकडचे, आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. माझ्या अभ्यासात यायला ते लेखी संमती देईनात म्हणून बाकीचेही देईनात. विषयच बुडायची वेळ आली. मी मॅनेजमेंटची हेर, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. चहा पुढे केला तरी, "कशाला? काय काढून घ्यायचंय?" मी आत शिरले की फोनवर अहिराणी सुरू, "ती बठ्ठं लिखी ऱ्हायनी!" माझं आजोळ सटाण्याचं, 'ती सगळं लिहितेय' हे मला नीट कळतं, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. संशयात मीही काही मागे नव्हते.

शेवटी हात टेकले. "सर, तुम्हाला पूर्ण वगळते," म्हटलं. तेव्हा कुठे बाकीच्यांनी सह्या केल्या.

सर रिटायर झाले त्या दिवशी निरोप समारंभ उरकून, शाल-नारळ घेऊन ते पुन्हा स्टाफरूममध्ये, खिडकीजवळच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले. आम्ही दोघंच होतो. मनात म्हटलं, आता काय नवीन?

"मॅडम, तुमच्या त्या प्रबंधात मला काय नाव दिलंय?"

"तुम्ही नाहीच त्यात, सर. तुम्हीच नको म्हणालात ना."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

ते शालीच्या टोकाशी चाळा करत राहिले. "घरी बोलायला कोणी नाही हो. जे काय बोलणं व्हायचं ते इथंच. घाला मला."

"घालते. पण नाव बदलावं लागतं, सर. नियम आहे."

"बदला. खिडकीजवळची खुर्ची तेवढी बदलू नका. ज्याला ओळखायचं तो ओळखील."

"नाही बदलणार."

तरी ते उठेनात. नारळ टेबलावर ठेवला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "मग विचारा ना काय विचारायचं ते. मला काही घाई नाही."