झोपेचा ठराव

कोणाच्या दारात माणूस झोपलेला दिसला की डोमाजी चपला हातात घेतो आणि अनवाणी पुढं जातो. उन्हाळ्यात तापल्या डांबरावरून उड्या मारत जाताना मी त्याला पाहिलं आहे. तरी चपला घालणार नाही.

डोमाजी माझा शेजारी. दोन घरांत भिंत एकच. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तीस वर्षं दिवसरात्रीच्या पाळ्यांमध्ये राबला, मग गावी आला. बायको कधीचीच गेली, पोरं नागपुरात.

ग्रामसभेत दरवेळी उठतो. "झोपलेल्या मानसाले उठवणं गुन्हा धरा! बांबूवर हक्क भेटला, मोहफुलावर भेटला, झोपीवर काऊन नाई?"

अध्यक्ष म्हणतो, "डोमाजीभाऊ, तुमचा ठराव झोपून आहे. त्याले उठवू नका."

मीही हसायचो. पण डोक्यात किडा वळवळायचा. रेशनचं धान्य नाही मिळालं तर भांडता येतं. झोप नाही मिळाली तर कोणाशी भांडायचं?

यंदा माझी बायको गेली. झोपही गेली. एका सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या डोळा लागला. गाय अंगणात मान हलवत होती, गळ्यातली लाकडी घंटी खडखडत होती. डोमाजीनं काय करावं? घंटीत कापूस कोंबला. गुराख्यानं गाय तशीच जंगलात नेली. तिथं गाय सापडते ती घंटीच्या आवाजावर. ही मुकी गाय कुठं सापडणार? अर्धं गाव दोन दिवस बांबूत हिंडलं. वाघाचं रान. बायकोच्या हातची गाय, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या दिवशी नाल्यात सापडली.

ग्रामसभा बसली. मी भडकलोच होतो. "वाघानं खाल्ली असती म्हणजे? अक्कल आहे का तुले?"

डोमाजी खाली बघून म्हणाला, "लहानूभाऊ, तुमी एकोनीस दिवसानं झोपले होते."

"तुले कोनी सांगितलं?"

"भिंतीतून खोकला येते तुमचा. रोज रातभर."

"आन तू काऊन जागा राहतो?"

तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. कोणी हसलं नाही. अध्यक्षानं पुढचा विषय घेतला.

सांजच्याला मी माझी खाट उचलली आणि त्याच्या अंगणात नेऊन टाकली. तो बघतच राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "घोरता काय, भाऊ?"

"घोरतो."

"घोरा बापा," तो म्हणाला, आणि त्यानं आपली खाट माझ्या खाटेजवळ ओढली.